टोकेकरांच्या घरातली मुद्रा

रत्नाकर टोकेकरांचं पोट बिघडलं की खुशाल समजावं, कुठूनतरी चांगली बातमी आली आहे. वाईट बातमी त्यांना पचते. बदलीचा हुकूम, भावकीतलं मयत, गंगा पायऱ्या चढून गल्लीत शिरल्याची वर्दी, असलं काहीही हा माणूस ताकासारखं पिऊन मोकळा होतो. पण मुलगा सुशांत बंगलोरला नोकरीला लागला तेव्हा हे आठवडाभर मऊ भातावर होते. चांगल्या गोष्टीच्या आडून काय येतंय ते दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. रेल्वेच्या कारखान्यात जन्मभर इंजिनं तपासलेल्या माणसाला सरळ उभं असलेलं काहीच विश्वासाचं वाटत नाही.

यंदा भाद्रपदाच्या तोंडावर आलेली बातमी तर फारच चांगली होती. त्यांचे आजोबा वेणीमाधव टोकेकर मूकपटाच्या जमान्यात कॅमेरामन होते. त्यांनी काढलेल्या एका पौराणिक सिनेमाचा उरलासुरला तुकडा पुण्याच्या एका संस्थेने साफसूफ करून घेतला होता, आणि काशीतल्या दुर्गाघाटच्या मराठी मंडळींच्या गणेशोत्सवात तो दाखवायचं ठरलं होतं. फोन त्या संस्थेतल्या मधुरा नावाच्या मुलीचा. रत्नाकररावांनी फोन सवयीने स्पीकरवर ठेवलेला, कारण कानाला लावला की त्यांचं डोकं तापतं.

"काका, त्यात शेवटी घाटाच्या पायऱ्या चढणाऱ्या एका बाईंचा शॉट आहे," मधुरा म्हणाली. "सिनेमातला नाही तो. उरलेल्या फिल्मवर सहज काढलेला दिसतो. कॅमेरामनच्या पत्नी होत्या म्हणतात. म्हणजे तुमच्या आजी."

पलीकडच्या तख्तावर प्रभावतीआत्या माळ ओढत बसली होती. तिची माळ थांबली.

"माझी आई?" आत्या म्हणाली. "हलणारी?"

रत्नाकररावांच्या पोटात त्याच क्षणी कळ आली.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. नव्वदी ओलांडली, तरी मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवतानाचा आवाज अजून तसाच आहे, आणि दुर्गाघाटावरच्या निम्म्या आज्या तिला बघून अजूनही पदर सारखा करतात. तिला जन्म देताना तिची आई, कस्तुरीबाई, गेली. घरात कस्तुरीबाईंचा एक फोटो नाही. नवरा कॅमेरामन आणि बायकोचा फोटो नाही, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. आत्या लहान असताना गल्लीतल्या बायका तिच्या तोंडावर म्हणत, आईला खाऊन आलेली पोर. त्या बोलण्यापायी तिचं लग्न जमलं नाही की तिने जमू दिलं नाही, हे कुणी विचारलं नाही. आपल्या वाढदिवसाला ती कधी गोड खात नाही, कारण तो आईच्या श्राद्धाचा दिवस.

अशा बाईने त्या संध्याकाळी ट्रंक उघडली आणि तळातून अंजिरी रंगाचं रेशमी लुगडं काढलं. "याला ऊन दाखव गं," तिने रत्नाकररावांच्या बायकोला, शरदिनीला सांगितलं. "आईला भेटायला जायचंय."

शरदिनीने लुगडं घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. नवरा ओव्याचा डबा शोधत होता.

ओव्याने बरं वाटण्यासारखं ते दुखणं नव्हतं, कारण ही रीळ रत्नाकररावांनी पूर्वी एकदा पाहिली होती, आणि आत्याला ते माहीत नव्हतं. ते विशीत असतानाची गोष्ट. शहरातल्या एका कॉलेजात जुने मूकपट दाखवणार होते. त्यांचे वडील, ज्यांना सगळे नाना म्हणत, त्यांना एकट्यालाच सोबत घेऊन गेले. घरी दोघांनीही सांगितलं नाही, कारण घरात सिनेमाचं नाव काढत नसत. दिवे गेले, पडदा उजळला आणि पडद्यावर पळापळ सुरू झाली. देव पळत होते, राक्षस पळत होते, ऋषी दाढी धरून टुणटुण उड्या मारत होते. पोरं हसून हसून बेजार. मग शेवटी पंचगंगा घाटाच्या पायऱ्या दिसल्या आणि एक बाई डुलत डुलत, फताड्या पायांनी तुरुतुरु वर चढू लागली. मागून कुणीतरी बदकाचा आवाज काढला. सगळा हॉल फुटला. पोरं बाकं बडवू लागली. नानांनी रत्नाकररावांचं मनगट पकडलं आणि अंधारात लोकांचे पाय तुडवत त्यांना बाहेर आणलं. रस्त्यावर दिव्याखाली उभं राहून ते एवढंच म्हणाले, "ती माझी आई होती." पुढे मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही.

म्हणून आता रत्नाकररावांना झोप येईना. डोळा लागला की तो हॉल दिसायचा, तो बदकाचा आवाज यायचा, आणि पहिल्या रांगेत अंजिरी लुगडं नेसलेली आत्या बसलेली दिसायची. नव्वद वर्षं वाट पाहून बाईने आईला पहिल्यांदा बघायचं, आणि तेही लोकांच्या फिदीफिदी हसण्यात! देवाने एवढा सूड कुणावर उगवू नये. नानांना ते सोसलं नाही, आत्याला कसं सोसावं?

मधुरा काशीला आली तेव्हा त्यांनी तिला घरी बोलावलंच नाही. आधी मला एकट्याला दाखवा म्हणून संकठा घाटावर भेटायला सांगितलं. गंगा अजून निम्म्या पायऱ्यांवर होती, खालचा सगळा गाळ. ते दोघे वरच्या चौथऱ्यावर छत्रीच्या सावलीत बसले. मधुरा तिशीची, जीन्समधली, बोलायला गोड आणि स्वतःच्या कामात पक्की. तिने लॅपटॉप उघडला.

"काका, आमची एक पंचाईत आहे, आणि ती तुम्हाला आधीच सांगते. त्या वेळी कॅमेरा मोटरवर चालत नव्हता. कॅमेरामन बाजूचं हँडल हाताने फिरवायचा. त्याचा हात जसा फिरेल तशी चित्रं उमटायची. कुणाचा हात जलद, कुणाचा संथ. आता दाखवताना त्याच वेगाने दाखवलं तर माणसं माणसांसारखी चालतात. वेग चुकला की…"

"बदकं होतात," रत्नाकरराव म्हणाले.

मधुराने चमकून पाहिलं. "हो. आणि तुमच्या आजोबांचा वेग काही केल्या सापडत नाहीये. बघा हं." तिने एक बटण दाबलं. पायऱ्यांवरची बाई तुरुतुरु निघाली. रत्नाकररावांनी मान वळवून गंगेकडे पाहिलं. मधुराने दुसरं बटण दाबलं. "आता हे बघा, हे फारच संथ. पाणी काकवीसारखं वाहतंय आणि आजी झोपेत चालल्यासारख्या." रत्नाकररावांनी हेही पाहिलं नाही. त्यांची नजर एका नावेवर खिळली होती आणि कान मागे होते, घाटावरचं कुणी हसतंय का ते ऐकायला.

"तेवढा तुकडा कापून टाका," ते म्हणाले.

"काका!"

"देव दाखवा, राक्षस दाखवा, आमचं काही म्हणणं नाही. ती बाई काढून टाका. हात जोडतो."

मधुराने लॅपटॉप मिटला. "काढता येईल," ती म्हणाली. "पण मग आजींना तसं सांगावं लागेल. ते तुम्ही सांगा. मला जमणार नाही, त्यांनी मला फोनवर विचारलंय, माझी आई उंच होती का म्हणून."

आता काय करणार? आत्याला सांगायचं की रीळ खराब झाली, कार्यक्रम रद्द झाला, असं मनाशी घोकत रत्नाकरराव उठले. मधुरालाही त्यांनी पढवलं. पण पुण्याची मुलगी घाटावर आली आणि घरी चहाला नाही, हे शरदिनीला कळलं असतं तर जेवणाचे हाल झाले असते. म्हणून तिला घेऊन ते गल्ल्यागल्ल्यांतून घराकडे निघाले, तेव्हा दिवेलागण होत आली होती. वाटेत त्यांनी ते खोटं वाक्य मनातल्या मनात इतक्यांदा म्हटलं की त्याचा अर्थच वाटेनासा झाला.

घरात शिरले तर आत्या देवापुढे बसलेली. टोकेकरांच्या घरी दिवा लागला की गंगेचं स्तोत्र म्हणतात, आणि ते मध्ये थांबवत नाहीत. पाहुणा आला तरी त्याने उभं राहावं किंवा बसावं, पण बोलू नये. मधुरा चहाचा कप हातात घेऊन दारातच टेकली.

इथे या घराण्याची एक गंमत सांगायला हवी. शुक्ल यजुर्वेदी ब्राह्मण वेद म्हणताना हात हलवतात, स्वर वर गेला की हात वर, खाली आला की खाली. काशीत हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण ते वेदाला. स्तोत्राला हात कशाला हवा? तरी टोकेकरांच्या घरी स्तोत्र म्हणताना उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या बाजूला गोल गोल फिरवायची पद्धत आहे. ही पद्धत वेणीमाधवअण्णांची. बायको गेल्यावर त्यांनी सिनेमा सोडला, तान्ही मुलगी आणि चार वर्षांचा मुलगा घेऊन ते काशीतच राहिले, आणि पुढचं सगळं आयुष्य भिक्षुकीत घालवलं. रोज संध्याकाळी ते स्तोत्र म्हणत आणि हात फिरवत. पोरांनी विचारलं तर म्हणत, "फिरतो आपोआप." पोरांनी ती मुद्रा मानली. गुरूने दिलेली असणार, गुप्त असणार, म्हणून सांगत नाहीत. नाना हात फिरवू लागले, आत्या फिरवू लागली, नानांनी रत्नाकररावांना शिकवलं, त्यांनी सुशांतला. गल्लीतले वैदिक टिंगल करत, टोकेकरांच्या घरी स्तोत्र म्हणत नाहीत, उसाचा रस काढतात. ग्वाल्हेरहून आलेली शरदिनी नवी नवरी असताना पहिल्या संध्याकाळी हसू दाबायला स्वयंपाकघरात पळाली होती. पण घराणं ते घराणं. लोकांनी जितकं हसावं तितकी टोकेकरांची मूठ घट्ट.

आत्याची मूठ फिरत होती. डोळे मिटलेले, एका श्वासाला एक चरण, आणि चरणाबरोबर हाताचे फेरे.

मधुराचा कप बशीवर खडखडला. रत्नाकररावांनी तिच्याकडे दटावून पाहिलं. तिचं तोंड उघडं होतं. तिने कप जमिनीवर ठेवला, खिशातून फोन काढला आणि आत्याचा हात टिपायला सुरुवात केली. स्तोत्र संपलं, नमस्कार झाला, तरी ती तशीच बसलेली.

"आजी," ती म्हणाली, "हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"अण्णांनी. आमच्या घराण्याची मुद्रा आहे ती."

"आजी, हे…" मधुराने एकदा रत्नाकररावांकडे पाहिलं. "हे कॅमेऱ्याचं हँडल आहे. ते असंच, उजवीकडे, याच उंचीवर असायचं. बरेच कॅमेरामन वेग धरायला मनात काही ना काही म्हणायचे, गाणं नाहीतर आकडे. तुमचे वडील स्तोत्र म्हणत असणार."

 रत्नाकररावांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. साठ वर्षं हा हात त्यांनी गंगामाईपुढे फिरवला होता. त्यांना एकाच वेळी हसू आलं आणि धडकी भरली, आणि घोकून आणलेलं खोटं वाक्य पार विसरायला झालं.

आत्या मात्र हसली नाही. "म्हणजे अण्णा देवाचं करत नव्हते?" तिने विचारलं. तिचा आवाज एकदम लहान झाला होता. "मी पण नव्हते?"

"तसं नाही आजी, म्हणजे…" मधुरा गडबडली.

"आत्याबाई," शरदिनी पदराला हात पुसत म्हणाली, "पूजेला बसल्यावर चित्त कुणाचं जागेवर असतं? माझं तर कुकरच्या शिट्टीत असतं. मामंजींच्या वडिलांचं कुठे होतं ते निदान हातावरून दिसत तरी होतं."

आत्या उठून आपल्या खोलीत गेली. ती जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी दिवा लागला आणि टोकेकरांच्या घरात कुणाच्याही आठवणीत पहिल्यांदाच स्तोत्र झालं नाही. आत्या समईकडे बघत मांडीवर हात ठेवून नुसती बसून राहिली. रत्नाकररावांना तो मुका दिवा बघवेना. वाटलं, एका रिळीपायी आपण काय करून बसलो! आई दाखवायला निघालो आणि जन्मभराचा देवच हिरावून घेतला म्हाताऱ्या बाईचा.

तिकडे मधुरा उत्साहाने नुसती पेटलेली. तिने रत्नाकररावांना स्तोत्र म्हणायला लावून त्यांचा हात टिपला. सुशांतला व्हिडिओ कॉल केला. तो ऑफिसच्या जिन्यात उभा राहून इकडेतिकडे बघत, हळू आवाजात स्तोत्र म्हणत मूठ फिरवत होता. "पापा, हे कशासाठी? लोक बघतायत यार," असं तो मध्येच म्हणाला. मधुराने तिघांचे हात एकाखाली एक लावून पाहिले आणि टाळी वाजवली. म्हातारीचा, म्हाताऱ्याचा आणि पोराचा हात एकाच वेगात फिरत होता.

"झालं काका! हाच वेग. याच वेगाने सगळी रीळ पुन्हा बसवते."

"तिघंही सारखेच चुकत असलो तर?" रत्नाकरराव म्हणाले. "एकाच साच्यातले तीन पार्ट आहेत हे. साचा वाकडा असला की तिन्ही वाकडे. मी बघितलंय कारखान्यात."

 मधुराने विचारलं, "मग तो शॉट काढू?"

रत्नाकरराव आत्याच्या खोलीत गेले. आज सांगायचंच, असा निश्चय करून गेले. आत्या खिडकीशी बसली होती. वाळवलेलं लुगडं शेजारी घडी करून ठेवलेलं.

"आत्या, ऐक. कार्यक्रमाला नको जायला. जुना सिनेमा असतो, माणसं विचित्र चालतात त्यात. लोक हसतात गं. मी बघितलंय."

"आईला हसतील?"

त्यांनी मान हलवली.

आत्याने लुगडं मांडीवर ओढून घेतलं. मग म्हणाली, "मला लोक लहानपणापासून जे बोलले त्यापेक्षा हसणं बरंच म्हणायचं. हसू देत. मी जाणार." आवाज करारी होता, पण बोटं लुगड्याची तीच घडी पुन्हा पुन्हा मोडून घालत होती, आणि ते रत्नाकररावांना दिसलं. शॉट राहू दे, असं त्यांनी मधुराला सांगितलं आणि लगेच पस्तावले. पस्तावा त्यांना असा हाकेच्या अंतरावरच असतो.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळपासून ते मधुराच्या मागे लागले होते, मला एकदा आधी दाखव. मधुराचं काम लॉजवर लॅपटॉपला लावलेलं, ते काही संपेना. दुपारी वीज गेली. संध्याकाळी निघायच्या वेळी तिचा फोन आला, "झालं काका, पण आता बघायला वेळ नाही. थेट पडद्यावरच बघू." रत्नाकररावांनी लिंबू-मीठ चाटलं.

आत्याला खुर्चीत बसवून ओळखीच्या दोन मल्लाहांनी, घाटावरच्या नावाड्यांनी, उचललं. गल्ली अरुंद, समोरून गाय आली की खुर्ची भिंतीला लागायची. "संभाल के भैया, संभाल के," म्हणत रत्नाकरराव पुढे चालत होते. आत्या अंजिरी लुगड्यात ताठ बसली होती. येणारे-जाणारे नमस्कार करत होते. तिने कुणाकडे पाहिलं नाही.

मंडळाचा हॉल खच्चून भरलेला. मधुराने माईकवर दोन शब्द सांगितले, वेणीमाधव टोकेकरांचं नाव घेतलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. रत्नाकरराव आत्याच्या शेजारी बसले, पण खुर्चीच्या टोकावर, केव्हाही उठून तिला बाहेर नेता येईल असे. दार कुठे आहे, वाटेत किती पाय आहेत, हे त्यांनी बघून ठेवलं होतं.

दिवे गेले. देव आले. यावेळी ते पळत नव्हते. जरीचे मुकुट सावरत, चिकटवलेल्या दाढ्या सांभाळत, ते चांगले चालत होते. पण एका राक्षसाची मिशी सुटली आणि लोक हसले. चांगलं, घरगुती हसू होतं ते. तरी रत्नाकररावांनी पुन्हा दाराकडे पाहिलं. एकदा हसायला लागलेली माणसं थांबत नाहीत. आता पुढचंच ते. आता पुढचंच. त्यांनी आत्याचा हात पकडला.

पंचगंगा घाटाच्या पायऱ्या दिसल्या. ऊन पडलेलं. कोपऱ्यात पाणी हलत होतं, अगदी रोज हलतं तसं. खालून एक बाई चढून येऊ लागली.

ती सावकाश चढत होती. एक पाय टेकवायची, थांबायची, मग दुसरा. अंग मागे टाकून, पावलं फाकवून, दोन्हीकडे जरा डुलत. हॉलमध्ये मागे कुणीतरी खुदकन हसलं. रत्नाकरराव उठायला निघाले.

तेवढ्यात मागच्या रांगेतल्या एका बाईचा आवाज आला. "अगं बाई! दिवस भरलेत तिचे."

"हो गं," दुसरी म्हणाली. "आणि या एवढ्या सीढ्या चढवतोय तिला मेला!"

हसणारा गप्प झाला. बायकांत चुकचुक झाली, कुणीतरी "सांभाळून गं" असंसुद्धा म्हणालं, समोर खरोखर कुणी चढत असल्यासारखं. रत्नाकरराव अर्धवट उभे राहिलेले तसेच राहिले. मागच्या माणसाने त्यांना खाली बसवलं. त्यांनी पहिल्यांदाच पडद्याकडे नीट पाहिलं. कॉलेजातल्या पोरांनी बाकं बडवली होती ती ह्या चालण्यावर. आणि नाना, चार वर्षांचे असताना त्या पोटाला कान लावून बसलेले असतील, ते अंधारात उठून आले होते.

कस्तुरीबाई मध्यावर आल्या आणि थांबल्या. एक हात कमरेवर ठेवून त्यांनी दम घेतला. वर बघितलं, सरळ कॅमेऱ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्यामागच्या माणसाकडे. तोंडावर ऊन होतं. ओठ हलले, काहीतरी बोलल्या, रागावल्याचं सोंग केलं, आणि ते सोंग त्यांना जमलं नाही, हसू फुटलं. मग त्यांनी दुसऱ्या हाताने पदर बाजूला केला, तळहात पोटावर ठेवला, आणि पुन्हा वर बघून मान हलवली.

पडदा पांढरा झाला. एवढंच होतं ते.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दिवे लागले तेव्हा सगळा हॉल पहिल्या रांगेकडे बघत होता. रत्नाकररावांना आत्याकडे बघायचा धीर होईना. तिचा हात अजून त्यांच्या हातात होता.

"रत्नाकर," आत्या म्हणाली. तिचा शाळेतला आवाज होता, सगळ्या हॉलला ऐकू गेला. "ती मला दाखवत होती. अण्णांना मला दाखवत होती ती."

"हो, आत्या."

"आणि हसत होती." ती पांढऱ्या पडद्याकडेच बघत राहिली. "मी होते, तरी हसत होती."